अंतराळातली लाल गाडी आणि आमच्या घरच्या ग्रुपवरचे पाच प्रश्न

मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरत आला. लाल रंगाची उघडी स्पोर्ट्स गाडी, ड्रायव्हरच्या सीटवर पांढरा स्पेससूट घातलेला पुतळा, एक हात स्टिअरिंगवर, एक कोपर दारावर टेकवलेलं, आणि मागं निळी पृथ्वी हळूहळू सरकतीय. व्हिडिओ २०१८ चा आहे पण वर्ष दोन वर्षांनी कुणीतरी तो कालच झाल्यासारखा टाकतंय आणि मग परत तोच गोंधळ. थोरले काका म्हणाले, इकडं माणसाला खायला नाही आणि यांचा पैशाचा माज बघा. मेव्हणा म्हणाला, सगळं एडिटिंग आहे, मागं एक तरी तारा दिसतोय का? चुलतभाऊ म्हणाला, आपल्या इस्रोनं एवढ्या पैशात दोन चार मंगळयानं पाठवली असती. आत्यानं विचारलं, आता वर पण कचरा करायला लागले काय. आणि पुतणीनं, ती सहावीत आहे, आईच्या फोनवरून एकच ओळ टाकली, "काका ती गाडी परत कधी येणार?"

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, कारण दोन ओळीत सांगण्यासारखं ते नाहीच. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो, शास्त्रज्ञ नाही, पण रॉकेटचं वेड शाळेपासनं आहे आणि लोखंड ओतणाऱ्या माणसाला इंजिन म्हणजे काय प्रकरण असतं हे थोडं तरी कळतं. या पाचातला एकही प्रश्न मला येडपट वाटत नाही, उलट टीव्हीवर जे नुसत्या टाळ्या वाजवत होते त्यांनीच हे विचारायला पाहिजे होते. म्हणून नीट बसून लिहितोय, काकांना प्रिंट काढून देणार आहे.

## नेमकं झालं काय होतं

आपल्याकडं ७ फेब्रुवारी २०१८ ची रात्र होती, सव्वादोन वाजलेले, अमेरिकेत अजून ६ तारखेची दुपार. फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या ३९-ए नावाच्या तळावरून स्पेसएक्स या खासगी कंपनीनं फाल्कन हेवी नावाचं रॉकेट पहिल्यांदाच उडवलं. हा तळ साधासुधा नाही, १९६९ ला अपोलो ११ चंद्राकडं निघालं ते इथूनच. रॉकेट ७० मीटर उंच, वजन १४०० टनांच्या वर, आणि बुडाला एकदम पेटणारी २७ इंजिनं. मी दुसरी पाळी करून आलो होतो, झोपलोच नाही, मोबाईलवर लाइव्ह लावलं, नेट मधेच अडकत होतं. यूट्यूबवर तेव्हा एका वेळी २३ लाखांच्या वर लोक ते बघत होते.

रॉकेटच्या टोकात मस्कची गाडी होती. इलॉन मस्क म्हणजे स्पेसएक्सचा मालक, टेस्ला ही गाड्यांची कंपनी पण त्याचीच, आणि ही त्याची स्वतःची वापरातली टेस्ला रोडस्टर होती. डॅशबोर्डच्या स्क्रीनवर "घाबरू नका" अशा अर्थाची इंग्रजी पाटी. लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं, गाडी आणि पुतळा. माझ्या डोक्यात मात्र त्या रात्रीची दुसरीच आठ मिनिटं बसलीत, त्याचं पुढं सांगतो, आधी पाया घालूया.

## वर जाणं वेगळं, वर राहणं वेगळं

बहुतेकांना वाटतं रॉकेट म्हणजे सरळ वर जायचं, पुरेसं उंच गेलं की झालं, तिथं गुरुत्वाकर्षण संपतं आणि वस्तू तरंगायला लागते. असं नाहीये. अंतराळवीर राहतात ते स्पेस स्टेशन आपल्या डोक्यावर फक्त ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं साधारण जेवढं तेवढंच. तिथं गुरुत्वाकर्षण जवळजवळ इथल्याएवढंच आहे. मग ते पडत का नाही?

शाळू राखताना पाखरं हाकायची गोफण आठवा. दगड गरगर फिरवत असताना तो खाली पडत नाही आणि लांब पण जात नाही, कारण दोरी त्याला आत ओढतीय आणि त्याचा वेग त्याला बाहेर नेतोय. उपग्रहाचं असंच, दोरीच्या जागी पृथ्वीची ओढ. तो ज्या वाटेनं फिरत राहतो त्या वाटेला कक्षा म्हणतात. आणि तिथं टिकायला वेग लागतो सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. या वेगानं कोल्हापूर ते पुणे अर्ध्या मिनिटात. पन्हाळा तीन सेकंदात. म्हणजे रॉकेटचं खरं काम उंची गाठण्यापेक्षा हा भयानक आडवा वेग देणं हे आहे.

आता गोफणीतला दगड सोडून द्यायचा असला तर? वेग अजून वाढवायचा, सेकंदाला ११.२ किलोमीटर केला की पृथ्वीची दोरी सुटते. पण सुटला म्हणून तो मोकळा होत नाही, तो मग त्याहून मोठ्या गोफणीत जातो, सूर्याच्या. चंद्राच्याही पल्याडच्या या भागाला लोक डीप स्पेस म्हणतात, आणि रेडिओ लहरींचे नियम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना तर २० लाख किलोमीटरच्या पुढचंच डीप स्पेस धरते. ती गाडी तिथं गेली. पृथ्वीभोवती नाही, सूर्याभोवती फिरतीय, एका फेरीला साधारण ५५७ दिवस, आणि त्या फेरीत ती मंगळाच्या कक्षेच्या पलीकडं जाऊन परत पृथ्वीच्या कक्षेजवळ येते.

## एवढं मोठं रॉकेट का लागतं

समजा तुम्हाला डोंगर चढून लांब जायचंय आणि वाटेत काही मिळणार नाही. भाकरी बांधून घेतली. भाकरीचं ओझं झालं, ओझं वाहायला जास्त भूक, म्हणून अजून भाकरी, तिचं अजून ओझं. रॉकेटचं दुखणं हेच आहे. फाल्कन हेवीच्या वजनातलं नव्वद टक्क्यांहून जास्त वजन इंधनाचं, म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेल, आपल्या भाषेत घासलेटच, आणि ते जाळायला उणे १८३ अंशाच्याही खाली गार केलेला द्रवरूप ऑक्सिजन, कारण वर हवा नाही, जाळायचा वारा पण घरूनच न्यायचा. खरा माल उरतो चार पाच टक्के. त्यातही जेवढं लांब जायचं तेवढा माल कमी, पृथ्वीजवळ हेच रॉकेट ६४ टन नेऊ शकतं आणि मंगळाच्या दिशेनं १७ टनाच्या आत.

आणि २७ इंजिनं एकत्र चालवणं म्हणजे काय हे ज्यानं चार सिलिंडरचं इंजिन ट्यून केलंय त्याला विचारा. सोव्हिएत रशियानं चंद्रावर जायला एन-१ नावाचं रॉकेट केलं होतं, खाली ३० इंजिनं. १९६९ ते १९७२ मध्ये चारदा उडवलं, चारही वेळा फसलं, आणि शेवटी प्रकल्पच गुंडाळला. मस्कनं स्वतः उड्डाणाआधी सांगितलं होतं की यश मिळायची शक्यता पन्नास टक्के धरा, तळ सोडून लांब जाऊन फुटलं तरी मी जिंकलो म्हणेन.

## मग गाडीच का पाठवली

नवीन पूल बांधला की त्याच्यावरून पहिली एसटी सोडत नाहीत. वाळूनं भरलेले डंपर उभे करतात, पूल किती वाकतोय बघतात. नवीन क्रेन आली की आमच्याकडं पण आधी ठोकळे उचलून बघतात, गरम धातूची लेडल, म्हणजे ओतायचं मोठं भांडं, लगेच लावत नाहीत. नवीन रॉकेटचं तेच. पहिल्या उड्डाणात सहसा कुणी आपला शेकडो कोटींचा उपग्रह ठेवत नाही, बहुतेक वेळा काँक्रीटचे किंवा लोखंडाचे ठोकळे ठेवतात. मस्कनं ठोकळ्याच्या जागी गाडी ठेवली, वजन साधारण १३०० किलो. जाहिरात झाली का? झाली, टेस्लाची फुकटात जगभर जाहिरात झाली आणि ते खटकलं ज्यांना त्यांचं काही चुकलं नाही. मला स्वतःला वाटतं की एखाद्या कॉलेजच्या पोरांचा प्रयोग, एखादा छोटा मोजमापाचा डबा तरी त्या जागेत ठेवायला पाहिजे होता, एवढी जागा होती. पण "गाडी पाठवायला एवढा खर्च केला" हे वाक्य उलटं आहे. खर्च रॉकेटच्या चाचणीचा होता आणि तो गाडी नसती तरी झालाच असता.

अजून एक गैरसमज इथंच मिटवतो, गाडी मंगळावर उतरली नाही आणि उतरणारही नव्हती. आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोचतात ती नोव्हेंबरातल्या आणि जानेवारी फेब्रुवारीतल्या ठरलेल्या मोजक्या दिवशीच, कारण सूर्य त्या विशिष्ट जागी तेव्हाच मावळतो, एरवी दार उघडं ठेवून दिवसभर बसलात तरी उपयोग नाही. मंगळाचं पण तसंच, पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांतून एकदा येतात. २०१८ मध्ये ती वेळ मे महिन्यात होती, नासाचं इनसाइट यान ५ मे ला निघालं आणि २६ नोव्हेंबरला मंगळावर उतरलं. गाडी फेब्रुवारीत गेली, म्हणजे ती मंगळाच्या रस्त्यावर पोचली तेव्हा मंगळ तिथं नव्हताच. पहिल्यांदा तो त्यातल्या त्यात जवळ आला ऑक्टोबर २०२० मध्ये, ते पण ७० लाख किलोमीटरच्या वर अंतर राखून.

## गाडी सोडा, परत आलेली दोन धूड बघा

आता ती आठ मिनिटं. फाल्कन हेवी म्हणजे तीन रॉकेटं शेजारी शेजारी बांधलेली, मधलं एक आणि दोन बाजूला. बाजूच्या दोघांना बूस्टर म्हणतात, ढकलायला लावलेली जोड रॉकेटं. अडीच मिनिटांनी ती सुटली, हवेत उलटी फिरली, इंजिन परत पेटवून मागं वळली आणि निघाल्यानंतर साधारण आठ मिनिटांनी तळाजवळच्याच दोन गोल पॅडवर, एकमेकांच्या शेजारी, जवळजवळ एकाच वेळी उभीच्या उभी उतरली. दहा बारा मजली इमारतीएवढी धूड. खाली आगीचा झोत, मग धूळ, मग शांत उभी. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता आणि आता हे टाइप करताना पण येतोय.

कारण काय ते सांगतो. गळीत हंगामात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कारखान्यावर जातो, काट्यावर वजन, गव्हाणीत ऊस रिकामा, आणि रिकामा ट्रॅक्टर परत फडात दुसऱ्या खेपेला. आता कल्पना करा की दर खेपेनंतर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट नदीत ढकलून द्यायचा आणि दुसऱ्या खेपेला नवा कोरा घ्यायचा. साखर काय किलोनं पडेल? रॉकेटच्या धंद्यात साठ वर्षं जवळपास हेच चाललं होतं. घासलेट आणि ऑक्सिजनचा खर्च एकूण खर्चाच्या मानानं किरकोळ, पैसा जातो तो इंजिनात आणि त्या सांगाड्यात, आणि तेच दर वेळी समुद्रात. अमेरिकेच्या स्पेस शटलचे बूस्टर समुद्रातून काढून परत वापरायचे, शटल स्वतः पण परत यायचं, पण त्याची दुरुस्ती देखभाल एवढी महाग की बचत झालीच नाही. स्पेसएक्सनं आपल्या लहान फाल्कन ९ रॉकेटचा खालचा भाग डिसेंबर २०१५ ला पहिल्यांदा सुखरूप उतरवला, मार्च २०१७ ला वापरलेला भाग परत उडवला, आणि आता त्यातले काही भाग वीसहून जास्त वेळा उडालेत.

फुकट मात्र काही नाही. परत यायला थोडं इंधन राखून ठेवावं लागतं, तेवढा माल कमी. म्हणून फार लांबची मोहीम असली की बूस्टर सोडूनच द्यावे लागतात. गुरूच्या युरोपा या चंद्राकडं नासाचं सहा टनी युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला याच फाल्कन हेवीवरून गेलं, २०३० ला पोचेल, आणि त्या खेपेला तिन्ही रॉकेटं गेली ती गेलीच.

## तिसऱ्याची काडेपेटी संपली

मधल्या रॉकेटचं काय झालं हे व्हिडिओत कुणी दाखवत नाही. ते समुद्रातल्या एका तरंगत्या जहाजावर उतरायचं होतं. हे इंजिन परत पेटवायला एक खास द्रव लागतो, हवा लागली की आपोआप भडकणारा, म्हणजे काडेपेटीच समजा. उतरताना तीन इंजिनं पेटवायची होती, मधलं पेटलं, बाजूच्या दोघांसाठी तो द्रव उरलाच नव्हता. घासलेट टाकीत आहे, चूल तयार आहे, काडी नाही. रॉकेट जहाजापासून साधारण शंभर मीटरवर पाण्यात आदळलं, ताशी ४८० किलोमीटर वेगानं, एवढं जोरात की जहाजाची पण दोन इंजिनं खराब झाली.

फाउंड्रीत असल्यामुळं मला हे फार जवळचं वाटतं. कास्टिंग रिजेक्ट होतं ते बहुतेक वेळा असल्याच बारीक गोष्टीनं, साच्यात कुठंतरी ओल राहिली, कोअरमधनं गॅस जायला वाट ठेवली नाही. महत्त्वाचं हे की रिजेक्शन लपवायचं नाही. कंपनीनं पहिल्या दिवशीच सांगितलं काय झालं ते, आणि त्याच्या आधी २०१७ मध्येच जुन्या अपघातांचे व्हिडिओ एकत्र करून स्वतःच टाकले होते. सरकारी मोहिमेत असं करायला धीर होत नाही कारण लगेच संसदेत प्रश्न येतो. खासगी असल्याचा खरा फायदा मला इथं दिसतो, हुशारी दोन्हीकडं सारखीच आहे.

## "एडिटिंग आहे, तारे कुठायत?"

मेव्हण्याचा प्रश्न चांगला आहे. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात रात्रीच्या फ्लडलाइटमध्ये कुस्ती चाललीय, मोबाईलनं फोटो काढा आणि मग आकाशात तारे शोधा. एक पण सापडणार नाही. कॅमेरा उजेडातल्या पैलवानासाठी सेट झालेला असतो, मंद तारे त्यात येतच नाहीत. गाडीवर तर थेट ऊन होतं, आपल्याकडच्या दुपारपेक्षा कडक. आणि रंग एवढे करकरीत, सावल्या सुरीनं कापल्यासारख्या, ते खोटं वाटतं कारण आपल्या डोळ्याला मधल्या हवेची सवय आहे. पन्हाळ्यावरून लांबचे डोंगर निळसर धुरकट दिसतात ते हवेमुळंच. तिथं हवाच नाही.

पुरावा पाहिजे असला तर एक भारी गोष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरनं एक नवीन लघुग्रह जाहीर केला, २०१८ सीएन४१ असं नाव पण दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी नोंद रद्द केली. तो लघुग्रह नव्हताच, ती हीच गाडी होती, अजून त्या रॉकेटच्या शेवटच्या भागाला चिकटलेली. जुन्या दुर्बिणींच्या नोंदीत एक ठिपका हलताना सापडला आणि हिशेब बरोबर गाडीच्या वाटेशी जुळला. ज्यांचा या कंपनीशी काडीचा संबंध नाही त्यांच्या दुर्बिणीत ती दिसलीय, एडिटिंग तिथं कसं पोचेल?

## "आपल्या इस्रोनं स्वस्तात केलं असतं"

केलंच आहे, आणि चुलतभावाचा अभिमान मला पण आहे. पण तुलना नीट करूया. आपलं मंगळयान इंधनासकट १३३७ किलो, म्हणजे जवळजवळ त्या गाडीएवढंच वजन! ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं. पीएसएलव्ही रॉकेट लहान, एका दमात मंगळाकडं फेकायची ताकद नाही, म्हणून आपल्या लोकांनी काय केलं तर यानाला पृथ्वीभोवतीच फिरवत ठेवलं आणि दर काही दिवसांनी त्याचं इंजिन थोडं थोडं चालवून घेर वाढवत नेला, गोफण हळूहळू लांब करत जावं तसं, आणि मग १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर सोडून दिलं. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळापाशी पोचल्यावर बरोबर ब्रेक मारला आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. गाडीला ब्रेक नव्हता, स्टिअरिंग असून नसल्यासारखं, ती नुसती फेकलेली. म्हणून फेकणं आणि पोचणं यात पोचणं किती तरी अवघड, आणि ते आपण जवळजवळ साडेतीन वर्षं आधी केलं होतं.

पण दुसरी बाजू पण बघायला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ ला आपला जीसॅट-२० उपग्रह, वजन ४७०० किलो, स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ वरून गेला, कारण एवढं वजन त्या उंचीच्या कक्षेकडं न्यायला आपलं सगळ्यात मोठं रॉकेट कमी पडतं. जून २०२५ ला आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले ते पण त्याच कंपनीच्या यानातून. म्हणजे अक्कल आपल्याकडं आहे, मोठा ट्रॅक्टर अजून नाहीये. आणि आता आपल्याकडं पण खासगी कंपन्यांना दार उघडलंय, हैदराबादच्या स्कायरूटनं नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलनं मे २०२४ ला एकाच तुकड्यात थ्री-डी प्रिंट केलेलं इंजिन उडवलं, जोड नाही, वेल्डिंग नाही. आमच्यासारख्या साचे घालणाऱ्यांनी ती बातमी दोनदा वाचली. इस्रोच्या रॉकेटचे भाग आपल्या वालचंदनगरला आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात, मग आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरचा आणि शिरोलीचा माल त्यात का नसावा, असं मला फार वाटतं.

## "इकडं खायला नाही आणि..."

काकांचा प्रश्न सगळ्यात जड आहे आणि तो झटकून टाकणारी माणसं मला आवडत नाहीत. नेहमीचं उत्तर असतं की उपग्रहांमुळं हवामान कळतं, पूर कळतो. खरं आहे, २०१९ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर मजल मारली, तेव्हा ढगांचे फोटो आणि पाणी कुठंवर पसरलंय त्याचे नकाशे वरूनच येत होते. पण ते उपग्रह पृथ्वीभोवतीचे. डीप स्पेसमधली गाडी कुणाला पुराचा इशारा देत नाही, ही दोन्ही कामं एकात मिसळून काकांना गप्प करणं बरोबर नाही.

सरळ हिशेब असा. फाल्कन हेवी बनवायला कंपनीनं आपल्याजवळचे ५० कोटी डॉलरच्या वर घातले असं मस्कनंच सांगितलं होतं. पण कंपनी तिथवर आली कशी? तिची पहिली तीन रॉकेटं २००६, २००७, २००८ ला फसली, पैसे संपत आले होते, सप्टेंबर २००८ ला चौथं यशस्वी झालं आणि त्याच डिसेंबरात नासानं स्पेस स्टेशनवर सामान न्यायची १६० कोटी डॉलरची ऑर्डर दिली. उद्यमनगरातल्या एखाद्या बुडत्या वर्कशॉपला सरकारी खात्याची दहा वर्षांची खात्रीची ऑर्डर मिळावी तसं. म्हणून "एका श्रीमंताचा पैसा, त्याचं तो बघेल" हे पण अर्धंच खरं, पायात अमेरिकेच्या लोकांचा करांचा पैसा आहे. आणि त्या लोकांना परत काय मिळालं तर युरोपा क्लिपर सरकारी रॉकेटऐवजी फाल्कन हेवीवरून पाठवल्यामुळं सुमारे २०० कोटी डॉलर वाचले असा नासाचा हिशेब आहे. ते वाचलेले पैसे गरिबाच्या ताटात गेले का? आपोआप जात नाहीत, ते सरकार ठरवतं, आणि काकांचा राग तिथं लागू पडतो. रॉकेट स्वस्त होण्यावर नाही.

## आकाश कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न ग्रुपवर आला नाही पण यायला पाहिजे होता. १९६७ चा अंतराळ करार आहे, भारत त्यात आहे. त्याप्रमाणं चंद्र, मंगळ, कुठलाही ग्रह कुठल्याच देशाला आपला म्हणता येत नाही. गावच्या गायरानासारखं, सगळ्यांचं आणि कुणाच्याच नावावर नाही. आणि खासगी कंपनीनं वर काही केलं तर जबाबदार तिचा देश, म्हणून स्पेसएक्सला उडायला अमेरिकन सरकारचा परवाना लागतो.

पण गायरानाचं काय होतं ते आपल्याला चांगलं माहिती आहे. २०१५ ला अमेरिकेनं कायदा केला की लघुग्रहावरून कंपनीनं खोदून आणलेला माल कंपनीचा. म्हणजे जमीन तुझी नाही पण गवत कापलंस तर गवत तुझं. आता ज्याच्याकडं विळा आणि ट्रॅक्टर दोन्ही आहे तो सगळंच कापणार, आणि करार लिहिला त्या काळात अंतराळात जवळजवळ सरकारंच जात होती, वरून माल खोदून आणणाऱ्या कंपनीबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलं नाही. मला भीती वाटते ती याची. लाल गाडीवर एवढा आरडाओरडा झाला, या कायद्यावर आमच्या चहाच्या टपरीवर एक शब्द नाही.

## आत्याचा कचरा

गाडीपुरतं बोलायचं तर सूर्याभोवतीची जागा एवढी अफाट आहे की तिथं एक गाडी म्हणजे अरबी समुद्रात एक तांदळाचा दाणा. मंगळावर उतरणारी यानं जंतू मारून पाठवतात, ही गाडी तशी धुतली नव्हती, त्यावरून शास्त्रज्ञांनी तेव्हा नाराजी पण दाखवली होती. पण आत्या म्हणते तो कचरा खरा आहे पृथ्वीजवळ. १० फेब्रुवारी २००९ ला एक चालू अमेरिकन उपग्रह आणि एक बंद पडलेला रशियन उपग्रह वरच धडकले आणि हजारो तुकडे झाले, प्रत्येक तुकडा बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगानं फिरणारा. आता पृथ्वीजवळच, त्या धडकेच्या थोडं खालच्या भागात, एकट्या स्पेसएक्सचे इंटरनेटचे हजारो उपग्रह आहेत. स्वस्त रॉकेटचा हा दुसरा परिणाम, रस्ता चांगला झाला की गर्दी होतेच.

## ती परत कधी येणार

कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्येच याचा हिशेब मांडला होता. पुढच्या दहा लाख वर्षांत ती पृथ्वीवर आदळायची शक्यता साधारण ६ टक्के, शुक्रावर अडीच टक्के. आदळली तरी घाबरायचं कारण नाही, हवेत शिरतानाच बहुतेक सगळी जळून जाईल. तोपर्यंत ऊन आणि किरणोत्सर्ग तिचा रंग, रबर, सीटचं चामडं खात बसणार, आतापर्यंत ती बहुतेक लाल पण राहिली नसेल.

आणि त्याच हिशेबात एक वर्ष आहे, २०९१. तेव्हा ती पृथ्वीपासून काही लाख किलोमीटरवरून जाईल, म्हणजे चंद्र आहे साधारण तेवढ्या अंतरावरून. पुतणीला मी काल सांगितलं. तिनं बोटावर मोजलं, पंचाहत्तरी उलटून गेलेली असेल म्हणाली, आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर वर्ष लिहून त्याच्याभोवती चौकोन काढला.